वनस्पतींच्या टाकीत प्रकाश, कार्बन डायऑक्साइड आणि खत यांचा मेळ कसा घालावा

माशांच्या नव्या काचेच्या टाकीत पाण्याखाली रोपे लावून तीन आठवडे झाले की समोरच्या काचेवर हिरवे ठिपके उमटू लागतात, रोटाला या रोपाच्या खालच्या पानांवरून केसांसारखे तंतू लोंबू लागतात आणि मालकाचा हात आपोआप खताच्या बाटलीकडे जातो. कोणी खत बंद करतो, कोणी दुप्पट करतो, कोणी दुकानातून शेवाळ मारण्याचे औषध आणतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक टाक्यांमध्ये खताचा दोष सर्वांत कमी होता. दिवा गरजेपेक्षा प्रखर होता आणि त्याच्या मानाने कार्बन डायऑक्साइड अपुरा पडत होता. म्हणून या लेखात एकच क्रम धरला आहे: आधी दिवा ठरवावा, मग त्या दिव्याला पुरेल इतका वायू द्यावा, आणि खताचा हिशेब सर्वांत शेवटी करावा.

या क्रमामागचे कारण साधे आहे. प्रकाश ही मागणी आहे. वायू आणि खत हा पुरवठा आहे. दिवा जितका प्रखर, तितकी पानांची भूक मोठी, आणि ती भागली नाही तर पान उपाशी राहते, कमजोर होते, आणि कमजोर पानावर शेवाळ बसते. वाढ नेहमी सर्वांत कमी असलेल्या घटकावर अडते, हा किमान घटकाचा नियम कार्ल स्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञाने मांडला आणि युस्टुस फॉन लीबिग यांनी तो एकोणिसाव्या शतकात शेतीत रूढ केला. टाकीलाही तोच लागू पडतो. नायट्रेट कमी नसताना नायट्रेट वाढवून काहीही साधत नाही, आणि वायूअभावी अडलेल्या रोपाला अधिक प्रकाश दिला तर त्याचे हालच वाढतात.

पुढचे सगळे आकडे माझ्या पुण्यातल्या घरी असलेल्या टाकीचे आहेत. तिचे माप ६० × ३० × ३६ सेंटिमीटर, म्हणजे कागदावर सुमारे ६५ लिटर. माती, दगड, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ५० लिटर उरते. आपल्या टाकीचे निव्वळ लिटर पहिल्यांदा पाणी भरताना बादली मोजून वहीत लिहून ठेवावेत, कारण खताचा प्रत्येक हिशेब याच आकड्यावर उभा राहतो.

दिवा

दिव्याची ताकद वॉटमध्ये सांगण्याची सवय ट्यूबलाइटच्या काळातली आहे. एलईडीच्या खोक्यावर छापलेले ल्युमेन पाहावेत आणि त्यांना निव्वळ लिटरने भागावे. लिटरमागे १० ते २० ल्युमेन हा मंद प्रकाश, २० ते ४० मध्यम आणि ४० च्या पुढे प्रखर, असा ढोबळ हिशेब छंदी लोकांत चालतो. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्यावर बेतलेले माप आहे. रोपांना उपयोगी पडणारा प्रकाश ‘पार’ या मापाने मोजतात आणि मातीच्या पातळीवर ३० ते ५० मायक्रोमोल पार मिळाला तरी बहुतेक रोपे समाधानाने वाढतात. पार मोजण्याचे यंत्र महाग असल्याने घरगुती कामाला ल्युमेनचा हिशेब पुरतो.

माझ्याकडे २० वॉटचा, ६५०० केल्व्हिनचा साधा एलईडी फ्लडलाइट आहे. त्याचे सुमारे १८०० ल्युमेन ५० लिटरने भागले की ३६ येतात, म्हणजे मध्यम प्रकाशाची वरची कड. नव्या टाकीला हे जास्त आहे. म्हणून पहिले दीड महिना दिवा पाण्यापासून ३० सेंटिमीटर उंच टांगला होता. मग महिन्याभरात दोन टप्प्यांत खाली घेतला. दिवा उंच करणे हा प्रकाश कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि त्यासाठी डिमरसुद्धा लागत नाही.

वेळ पहिल्या महिन्यात ६ तास, नंतर फार तर ८. दिवा टायमरवरच असावा. ‘आज पाहुणे आले म्हणून रात्री अकरापर्यंत चालू राहिला’ हा प्रकार आठवड्यातून दोनदा झाला की टाकीत त्याचे उत्तर मिळते. टाकी पश्चिमेच्या खिडकीसमोर असेल तर मार्च ते मे या काळात दुपारचे ऊन हा दुसरा दिवाच समजावा आणि पडदा लावावा.

दिवा किती प्रखर ठेवायचा हे रोपांवर ठरवावे, हौसेवर नव्हे. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन, मॉस ही मंद प्रकाशात सुखी असतात. लाल रोटाला किंवा जमिनीवर पसरणारी माँटे कार्लो हवी असेल तरच मध्यमच्या वर जावे, आणि वर जाण्यापूर्वी पुढचा भाग नीट वाचावा.

वायू

हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरमागे जेमतेम अर्धा ते एक मिलिग्रॅम असतो. शिवाय हा वायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे पानाच्या अगदी लगतचा वायू संपला की शेजारचा वायू तिथपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. रोपाच्या सुक्या वजनात कार्बनचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास असतो. नायट्रोजन आणि पोटॅशियमचा वाटा त्यापुढे किरकोळ आहे. हे लक्षात घेतले की मध्यम दिव्याखालची टाकी बहुतेक वेळा नेमकी कुठे अडते ते वेगळे सांगावे लागत नाही. मध्यम आणि प्रखर प्रकाशासाठी २० ते ३० पीपीएम, म्हणजे लिटरमागे तितके मिलिग्रॅम, हे लक्ष्य ठेवावे.

साधने मोजकीच आहेत: सिलिंडर, रेग्युलेटर, विजेवर उघडबंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, बुडबुडे कमीजास्त करणारा नीडल व्हॉल्व्ह, बबल काउंटर आणि वायूचे बारीक बुडबुडे करून पाण्यात सोडणारा सिरॅमिक डिफ्यूझर. पैसे वाचवायचे असतील तर डिफ्यूझर साधा घ्यावा, पण नीडल व्हॉल्व्ह चांगलाच घ्यावा. हलका व्हॉल्व्ह रात्रीतून सरकतो आणि सकाळी बसवलेला हिशेब दुपारी राहत नाही. साखर आणि यीस्टची बाटली लहान टाकीत चालते, पण तिचा वेग पहिल्या आठवड्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी असतो, शिवाय ती रात्री बंद करता येत नाही. सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्याचे दोन बाटल्यांचे संच त्यापेक्षा बरे. ‘लिक्विड कार्बन’ नावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांमध्ये बहुधा ग्लुटराल्डिहाइड असते. ते शेवाळाला मारते, कार्बनचा पुरवठा म्हणून त्याच्यावर विसंबू नये, आणि व्हॅलिसनेरियासारखी रोपे त्याने वितळतात.

सिलिंडरबद्दल दोन शब्द सुरक्षिततेचे. तो नेहमी उभा, दोरीने किंवा पट्ट्याने बांधलेला असावा. आडवा केल्यास द्रवरूप वायू रेग्युलेटरमध्ये शिरतो. २० अंशांना आतला दाब सुमारे ५७ बार असतो आणि ३१ अंशांच्या पुढे तर आतला वायू द्रवरूपात राहतच नाही, दाब झपाट्याने वाढत जातो. म्हणून उन्हाळ्यात सिलिंडर बाल्कनीत ठेवू नये, आणि भरून घेताना ठरलेल्या वजनापेक्षा ‘थोडा जास्त भरा’ असा आग्रह धरू नये. आत द्रव आहे तोवर काटा जागचा हलत नाही. तो खाली येऊ लागला की सिलिंडर संपत आला असे समजावे आणि लगेच बदलावा, कारण स्वस्त रेग्युलेटर शेवटच्या दाबाला एकदम जास्त वायू सोडून देतात.

आता प्रत्यक्ष मांडणी. हे काम सुट्टीच्या दिवशीच करावे, कारण पहिला संपूर्ण दिवस टाकीसमोर घालवावा लागतो. आदल्या संध्याकाळी टाकीतले ग्लासभर पाणी वेगळे काढून त्यात रात्रभर हवेचा दगड (पंपावर हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र खडा) चालू ठेवावा आणि सकाळी त्याचा पीएच मोजावा. हा वायू उडून गेलेल्या पाण्याचा पीएच; पुढची घसरण याच्यापासून मोजायची. टाकीत कार्बन डायऑक्साइड विरघळला की पीएच उतरतो, आणि केएच (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचे माप) तसाच असताना पीएच एक अंशाने उतरला तर वायू दहापट झाला असा त्याचा अर्थ होतो. सुरुवात सेकंदाला एका बुडबुड्याने करावी. दिवा लागण्याच्या दोन तास आधी वायू सुरू करावा आणि दर अर्ध्या तासाने पीएच वहीत लिहावा. माझ्या वहीतल्या त्या रविवारच्या नोंदी अशा आहेत: साडेदहाला ७.४, साडेअकराला ६.९, साडेबाराला दिवा लागताना ६.६, दोनला ६.५, पाचला ६.५. शेवटचे दोन आकडे सारखे आहेत, हीच या वहीतली कामाची गोष्ट. दिवा लागण्याच्या वेळी वायू पुरेसा असावा आणि संध्याकाळी वायू बंद करेपर्यंत तो तेवढाच राहावा. दिवा लागला तरी पीएच उतरतच असेल तर वायू आणखी लवकर सुरू करावा; दुपारी पीएच पुन्हा वर चढत असेल तर रोपांची खपत पुरवठ्यापेक्षा जास्त आहे किंवा पाण्याचा पृष्ठभाग फार ढवळला जातो आहे.

केएच आणि पीएच दोन्ही माहीत असतील तर वायूचा अंदाज सूत्राने करता येतो: केएचला ३ ने गुणावे आणि तो गुणाकार १० च्या (७ वजा पीएच) या घाताने पुन्हा गुणावा. केएच ४ आणि पीएच ६.६ असेल तर उत्तर ३० पीपीएम येते. लाकडातून उतरणारे आम्ल आणि पाण्यातले इतर क्षार या सूत्राला चकवतात, म्हणून त्याचे उत्तर पुरावा न मानता इशारा मानावे. बाजारात मिळणारा ड्रॉप चेकर, म्हणजे टाकीत आतून लावायची काचेची छोटी कुपी, याच सूत्रावर चालतो, फक्त त्यात टाकीचे पाणी न भरता ४ अंश केएचचे वेगळे द्रावण भरतात, त्यामुळे टाकीतल्या आम्लांचा उपद्रव होत नाही. हे द्रावण घरी करता येते: एक लिटर डिमिनरलाइज्ड पाण्यात १.२ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवावा, त्यातले १०० मिलिलिटर घेऊन त्यात तेच पाणी घालून पुन्हा एक लिटर करावे. गाडीच्या बॅटरीत वरून घालायचे म्हणून जे डिस्टिल्ड वॉटर मिळते ते यासाठी चालते. बॅटरीचे ॲसिड ही वेगळी वस्तू आहे, ती चुकूनही घेऊ नये. द्रावणात ब्रोमोथायमॉल ब्लूचे दोन-तीन थेंब टाकले की निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे साधारण ३० च्या आसपास, पिवळा म्हणजे जास्त. हा रंग तासा-दोन तासांनी मागून येतो. दिवा लागताना दिसणारा रंग हा तासाभरापूर्वीच्या पाण्याचा असतो, हे विसरून व्हॉल्व्ह फिरवणाऱ्यांचे मासे जातात.

माझे गेले नाहीत, पण थोडक्यात वाचले. ड्रॉप चेकर अजून निळाच आहे म्हणून मी व्हॉल्व्ह अर्धा फेरा उघडला आणि जेवायला बसलो. तासाभराने पाहिले तर सगळे टेट्रा मासे पाण्याच्या वर तोंडे काढून धापा टाकत होते आणि कोळंब्या फिल्टरच्या नळीवर चढून बसल्या होत्या. अशा वेळी वायू बंद करावा, फिल्टरचा प्रवाह वर वळवून पृष्ठभाग खळखळता करावा, हवेचा दगड सोडावा आणि तिसरा हिस्सा पाणी बदलावे. अर्ध्या तासात मासे खाली आले. तेव्हापासून मी व्हॉल्व्ह दिवसातून एकदाच, तोही सकाळी, आणि सुताएवढाच फिरवतो.

बुडबुड्यांचा आकडा एका टाकीतून दुसऱ्या टाकीला लावता येत नाही, कारण प्रत्येक काउंटरमधला बुडबुडा वेगळ्या आकाराचा असतो. ‘तुम्ही किती बुडबुडे ठेवता’ या प्रश्नाला म्हणूनच फारसा अर्थ नाही. त्यापेक्षा पानांकडे पाहावे. वायू पाण्यात गेला, तरी तो प्रत्येक पानापर्यंत गेला का हा प्रश्न उरतोच. फिल्टर ताशी टाकीच्या पाच ते दहापट पाणी फिरवणारा असावा, डिफ्यूझर अशा जागी असावा की त्यातून उठणारी बुडबुड्यांची बारीक धूळ प्रवाहात सापडून समोरच्या काचेवरून खाली तळापर्यंत जाईल, आणि टाकीतले प्रत्येक पान किंचित हलत असावे. ज्या कोपऱ्यात पाने निश्चल असतात तिथेच काळे दाढीसारखे शेवाळ सुरू होते, हे मी एकाहून अधिक टाक्यांत पाहिले आहे. पृष्ठभागावर हलकी लहर असू द्यावी. थोडा वायू उडतो, पण प्राणवायू आत येतो आणि तेलकट साय धरत नाही.

दिवा विझण्याच्या एक तास आधी वायू बंद व्हावा. रात्री रोपेही श्वसनच करतात. तेव्हा दिलेला वायू वाया जातो आणि माशांच्या जिवावर उठतो.

खत

द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांमुळे महाराष्ट्रातल्या छंदी माणसाची इथे मोठी सोय झाली आहे. ठिबकमधून सोडायची विद्राव्य खते कोणत्याही कृषी सेवा केंद्रात एक किलोच्या पाकिटात मिळतात, आणि त्यातली तीन आपल्या कामाची आहेत: १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, आणि ००:००:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. दुकानदार बहुधा ‘झाडांनाच घालायचे ना, मग हे घ्या, सगळे एकातच आहे’ असे म्हणून १९:१९:१९ चे पाकीट पुढे करतो. ते नम्रपणे परत द्यावे. त्यातला नायट्रोजन बराचसा अमोनिया आणि युरियाच्या रूपात असतो; शेतात तो चालतो, पण पन्नास लिटर पाण्यात त्याने मासे दगावतात आणि शेवाळाला मेजवानी मिळते.

सोनाराकडे असतो तसा शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा घ्यावा. अर्धा लिटर डिमिनरलाइज्ड पाण्यात २० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, २ ग्रॅम मोनो पोटॅशियम फॉस्फेट आणि १० ग्रॅम पोटॅशियम सल्फेट विरघळवावे. या बाटलीतले १० मिलिलिटर द्रावण ५० लिटर पाण्यात घातले की सुमारे ५ पीपीएम नायट्रेट, अर्ध्या पीपीएमहून थोडे अधिक फॉस्फेट आणि ५ पीपीएम पोटॅशियम मिळते. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीनदा दिले की आठवड्याला नायट्रेट १५, फॉस्फेट दीड-पावणेदोन आणि पोटॅशियम १५ होते. मध्यम दिवा आणि पुरेसा वायू असलेल्या टाकीला एवढे पुष्कळ झाले. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे आणि ती स्वयंपाकघराबाहेर, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. काही महिन्यांनी आत कापसासारखी बुरशी दिसली तर द्रावण ओतून द्यावे.

सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या बाबतीत मात्र शेतीची पाकिटे मी वापरत नाही. पिकांवर फवारायच्या मिश्रणांत जस्त आणि तांब्याचे प्रमाण पिकांच्या गरजेनुसार धरलेले असते आणि तांबे कोळंबीला अगदी थोडेही घातक ठरते. मत्स्यालयासाठी बनवलेले मिश्रण घेऊन त्यावर दिलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करावी. फक्त लोह कमी पडत असेल तर ईडीटीए (लोहाला पाण्यात विरघळलेले धरून ठेवणारे संयुग) स्वरूपातले १२ टक्क्यांचे लोह वापरता येते: अर्ध्या लिटरमध्ये २ ग्रॅम, त्यातले १० मिलिलिटर ५० लिटरला, म्हणजे ०.१ पीपीएम. पीएच सातच्या पुढे राहणाऱ्या पाण्यात ईडीटीए लोहाला फार काळ धरून ठेवू शकत नाही. तिथे डीटीपीए स्वरूपातले लोह घ्यावे. लोह आणि फॉस्फेट एकत्र आले की साका बनून खाली बसतात, म्हणून दोन्ही बाटल्या वेगळ्या आणि दिवसही वेगळे: सूक्ष्म अन्नद्रव्ये मंगळवार, गुरुवार, शनिवार. रविवारी निम्मे पाणी बदलायचे.

हे निम्मे पाणी बदलणे हाच या पद्धतीचा आधार आहे. रोपांनी कणभरही नायट्रेट घेतले नाही असे धरले, तरी आठवड्याला १५ पीपीएम घालून दर रविवारी निम्मे काढत गेल्यास साठा कधीही ३० पीपीएमच्या पुढे जाऊ शकत नाही. कागदावर मांडून पाहावे. त्यामुळे दर दोन दिवसांनी चाचणी संच घेऊन बसावे लागत नाही. वनस्पतींच्या टाक्यांचे जाणकार टॉम बार यांनी रूढ केलेल्या ‘एस्टिमेटिव्ह इंडेक्स’ पद्धतीचे तत्त्व हेच आहे: किंचित जास्त द्या आणि जमलेले दर आठवड्याला धुऊन काढा. त्याआधी, १९९६ मध्ये, पॉल सीअर्स आणि केव्हिन कॉनलिन यांनी फॉस्फेटची टंचाई ठेवून शेवाळ रोखण्याचा मार्ग सुचवला होता, आणि ‘फॉस्फेट म्हणजे शेवाळ’ ही समजूत आजही ऐकू येते. माझा अनुभव बार यांच्या बाजूचा आहे. फॉस्फेट बंद केले तेव्हा अनुबियासच्या पानांवर घट्ट हिरवे ठिपके वाढले. पुन्हा सुरू केल्यावर नवी पाने स्वच्छ आली.

पाण्याचा मूळ स्वभावही पाहावा. पुण्या-मुंबईचे धरणाचे पाणी साधारणपणे मृदू असते. दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरवेलचे पाणी बरेचदा जड आणि केएच जास्त असलेले असते. आरओच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ नसतेच, त्यामुळे ते वापरणाऱ्यांना हे दोन्ही वरून घालावे लागतात. ५० लिटरला अडीच ग्रॅम एप्सम सॉल्ट म्हणजे ५ पीपीएम मॅग्नेशियम. बोअरवेल आणि आरओचे पाणी निम्मे-निम्मे मिसळणे हा त्याहून सोपा तोडगा आहे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवल्याशिवाय ते टाकीत ओतू नये हे सांगायला नकोच.

लक्षणे वाचणे

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दोन आठवडे थांबावे. खराब झालेले पान कधीच पूर्ववत होत नाही, म्हणून सुधारणा पाहायची ती बदलानंतर फुटलेल्या नव्या पानांत. मी बदल केला त्या दिवशी रोटालाच्या एका देठाला सैल दोरा बांधून ठेवतो. दोऱ्याच्या वर जे वाढले ते नवे, खाली ते जुने.

जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोके आणि त्यांच्याभोवती पिवळी कडा दिसली तर पोटॅशियम कमी आहे. हायग्रोफिला हे सर्वांत आधी दाखवते. जुने पान सबंधच पिवळे पडून गळत असेल तर नायट्रोजन. नवे पान फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह. शेंड्याची पाने लहान, वाकडी, चुरगळलेली येत असतील तर पुष्कळजण कॅल्शियमकडे बोट दाखवतात; मी आधी वायू आणि प्रवाह तपासतो, आणि बहुतेक वेळा शोध तिथेच संपतो.

शेवाळाचेही तसेच. नव्या टाकीतला तपकिरी थर हा डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो. तो महिन्याभरात आपोआप ओसरतो, त्यासाठी काही करू नये. काळे दाढीसारखे शेवाळ दिसले तर वायू रोज एका पातळीवर राहत नाही असे समजावे आणि ज्या पानांवर ते धरले आहे ती सरळ कापून टाकावीत. हिरवे लांब तंतू वाढले तर दिवा तासाभराने कमी करावा. मातीच्या कडेने निळसर हिरवा, वासाचा, सायीसारखा थर आला तर ते खरे शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असतात. नायट्रेट शून्यावर गेले आहे का आणि त्या कोपऱ्यात पाणी फिरते का ते पाहावे. नवी माती टाकली असेल तर ती पहिले काही आठवडे अमोनिया सोडते. त्या काळात खत निम्मे आणि पाणी बदलणे दुप्पट.

सिलिंडर नकोच असेल तर तसेही टाकी उत्तम चालते, फक्त तिन्ही गोष्टी एकदम खाली आणाव्या लागतात: दिवा लिटरमागे १५ ल्युमेनच्या आसपास, ६ तास, खत वरच्या मात्रेच्या चौथा हिस्सा, रोपे सावकाश वाढणारी. प्रखर दिवा ठेवून वायू वगळणे, हा मधला मार्ग मात्र नाही.

उन्हाळा, भारनियमन आणि गावी जाणे

पाणी २५ अंशांवरून ३० वर गेले की त्यात मावणारा प्राणवायू लिटरमागे सुमारे ८.३ वरून ७.५ मिलिग्रॅमवर येतो, आणि त्याच वेळी माशांची गरज वाढते. कार्बन डायऑक्साइडही गरम पाण्यातून लवकर उडतो, म्हणून लोक तो वाढवायला जातात. मे महिन्यात ते धोक्याचे आहे. त्याऐवजी दिवा दीड-दोन तासांनी कमी करावा, म्हणजे मागणीच उतरते, आणि पाण्यावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावावा. पंख्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. त्याने उडालेले पाणी आरओच्या पाण्याने भरावे, कारण क्षार टाकीतच मागे राहिलेले असतात.

वीज गेली की फिल्टर थांबतो आणि सोलेनॉइड असेल तर वायूही थांबतो. सोलेनॉइड नसेल तर वायू न थांबता स्थिर पाण्यात साचत राहतो. ज्यांच्याकडे वीज वारंवार जाते त्यांनी सोलेनॉइडशिवाय सिलिंडर लावूच नये. चावीसारखे दाते असलेले यांत्रिक टायमर वीज नसताना थांबतात आणि मग तितके मागे चालतात. दिव्याचा टायमर इन्व्हर्टरवर आणि वायूचा साध्या लाइनवर असेल तर आठवड्याभरात दोघांत दोन तासांची तफावत पडते, दिवा आधी लागतो, वायू मागून येतो, आणि काळ्या शेवाळाचे कारण शोधण्यात महिना जातो. दोन्ही टायमर एकाच लाइनवर ठेवावेत, शक्यतो आतल्या बॅटरीवर वेळ राखणारे डिजिटल घ्यावेत.

गणपतीला आठ दिवस गावी जायचे असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी निम्मे पाणी बदलावे, दोन्ही खते एकदा निम्म्या मात्रेने, काही तासांच्या अंतराने द्यावीत आणि दिवा ५ तासांवर आणावा. वायूच्या व्हॉल्व्हला हात लावू नये. निघताना केलेला बदल तपासायला कोणी घरी नसते. वाढलेले शेंडे छाटून जावे. माशांना आठ दिवस उपास घडला तरी धडधाकट मोठे मासे तगतात, तरीही शेजाऱ्यांकडे किल्ली देणारच असाल तर खाद्याचा डबा लपवून ठेवावा आणि एकेका वेळचे चिमूटभर खाद्य कागदाच्या तीन पुड्यांत बांधून, त्यांवर वार लिहून द्यावे.